तुम्ही त्यातल्या कुठल्या?

तो माणूस बूट झटकत आत आला तेव्हा बर्नीने मान वर केली नव्हती. मेपल कोर्ट या इमारतीच्या तळमजल्यावरची जागा रिकामी झाल्यापासून रोज कोणी ना कोणी येत होतं, आणि भाडं ऐकलं की बहुतेकांना परत जायची घाई व्हायची.

"मॅडम, खालची जागा अजून आहे ना?" तो म्हणाला. म्हणण्याआधी नाकातून किंचित हसला.

बर्नीचं पेन जागच्या जागी थांबलं. हे हसू तिने अकरा वर्षांपूर्वी ऐकलं होतं, फोनवर, आणि त्यानंतर कितीतरी वेळा अंथरुणात पडल्या पडल्या. आवाजाला तिने मनातल्या मनात एक तोंडही देऊन ठेवलं होतं. चोपून बसवलेले केस, बोटात अंगठी, महागाचा सूट. समोर उभा होता तो टक्कल पडलेला, पोट सुटलेला एक इसम. अंगात पावाच्या कंपनीचं जाकीट, आणि एकाच हातात हातमोजा. आवाज मात्र तोच होता, साखरेत घोळलेला.

"आहे," बर्नी म्हणाली. "बसा ना."

अमेरिकेतल्या या बफेलो शहरात दर चार घरांमागे एक जण वसुलीच्या कचेरीत फोनवर बसतो, नाहीतर कधीतरी बसलेला असतो. पोलादाचे कारखाने गेले आणि ही जमात आली. देशभरातली बुडीत देणी कवडीमोलाने विकत घ्यायची आणि फोन करकरून लोकांच्या नाकी नऊ आणायचे, हा धंदा. त्यात कोणी स्वतःचं नाव सांगत नाही. प्रत्येकाचं एक फोनवरचं नाव असतं. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून डोळे मिटून गाणारा लेखू कोवाल्स्की दिवसभर 'मिस्टर रॉकवेल' असायचा आणि लोकांच्या बायकांना रडवायचा. रविवारी भेटला की मात्र सगळ्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करायचा.

बर्नीला ज्याने फोन केला तो 'मिस्टर स्टर्लिंग'.

आईला, इरेनाला, मूठमाती देऊन सगळे चर्चच्या हॉलमध्ये जेवायला बसले होते. म्हाताऱ्या बायका पोलिश भाषेत जपमाळेची गाणी म्हणत होत्या. हलिना मावशी सूपचा डाव घेऊन बर्नीच्या डोक्याशी उभी होती. "खा गं थोडं, बर्ने, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या." तेवढ्यात फोन वाजला.

"बर्नडेट? मिस्टर स्टर्लिंग बोलतोय. वेळ वाईट आहे, मला कळतंय. हे बघा, मी तुमच्याच बाजूचा आहे. आईंचं इस्पितळाचं देणं राहिलंय. आज त्यांना निरोप दिलात, मग मागे असा डाग ठेवायचा का? सगळं भरा असं कुठे म्हणतोय मी? वीस डॉलर टाका. नुसती नियत दाखवायला. आईसाठी."

आणि बर्नीने टाकले. मागून गाणी चालू, डोळ्यांतून धारा, आणि ही वेडी हॉलच्या कोपऱ्यात उभी राहून बँकेच्या कार्डावरचे आकडे वाचून दाखवत होती. पुढच्या आठवड्यात कागद आला, त्यावर सहीही केली. वर त्या माणसाला "थँक यू" म्हणाली. या 'थँक यू'ची लाज तिला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटायची.

आईचं देणं मुलीवर येतच नाही, हे तिला दोन वर्षांनी कळलं. चर्चच्या तळघरात फुकट सल्ला देणारी एक वकीलबाई बसायची, तिने कागद बघून कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तुमचा काडीचा संबंध नव्हता. हे तुम्ही सही करून अंगावर घेतलंत." तोवर कोर्टाचा हुकूम होऊन गेला होता, पगारातून पैसे कापले जात होते, गाडी रात्रीतून कोणी ओढून नेली होती. उधारीच्या नोंदींत नाव असं बुडालं की भाड्याची खोलीसुद्धा मिळेना. प्रत्येक घरमालक संगणकावर तिचं नाव घालायचा आणि तोंड पाडून म्हणायचा, सॉरी. हलिना मावशीच्या शिवणाच्या खोलीत, मशीन आणि कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये, ती तीन वर्षं झोपली.

मग एकेक वीट रचत ती वर आली. बँकेत स्वतःचेच तीनशे डॉलर ठेवले, तेव्हा बँकेने उपकार केल्यासारखं तेवढ्याच रकमेचं कार्ड दिलं. म्हणजे उधारी स्वतःच्याच पैशांची, आणि तीही वेळेवर फेडून दाखवायची! कार्डावर फक्त पेट्रोल भरायचं, बिल येण्याआधीच चुकतं करायचं. इतकी वर्षं एकदाही चुकली नाही. आता तिचं नाव स्वच्छ होतं, मेपल कोर्टचा सगळा कारभार तिच्याकडे होता, मालक फ्लोरिडात ऊन खात पडलेला असायचा, आणि कोणाला जागा द्यायची, कोणाला नाही, हे तीच ठरवायची. आता लोकांची नावं संगणकात ती घालायची.

"नाव?"

"डेल ह्यूबर." त्याने अर्ज पुढे सरकवला. टेबलावर पितळी पाटी होती, बी. सोबचिक. त्याने ती वाचली, तोंडातल्या तोंडात पुटपुटली, आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. बर्नीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कोण कोण राहणार?"

"मी आणि आई. आई चाकाच्या खुर्चीत असते, म्हणून खालचीच जागा हवी. आत्ता बहिणीकडे आहोत, पण ती घर विकून नवऱ्याबरोबर शार्लटला चाललीय. महिनाअखेरीला घर रिकामं करायचंय. मॅडम, आधीच सांगतो, माझं रेकॉर्ड बरं नाही. पण भाडं चुकायचं नाही."

"सगळे असंच म्हणतात." बर्नीने पडद्यावर बघितलं, आणि तिला हसू आवरेना. तिने ते खोकल्यात घातलं. "इथे एक मोठं देणं दिसतंय. शुश्रूषागृहाचं."

डेलने टकलावरून हात फिरवला. "आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. भरती करताना त्यांनी मला एका कागदावर सही करायला लावली. जबाबदार व्यक्ती म्हणून."

"आईचं देणं मुलावर येत नाही म्हणतात."

"नाही येत. मला माहीत होतं. माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मी त्याच धंद्यात होतो." नाकातून पुन्हा ते हसू सुटलं, पण या वेळी त्यात जीव नव्हता. "पण आई तिथे खुर्चीत बसली होती, कण्हत होती. काउंटरवरची पोरगी म्हणाली, सही करा म्हणजे आत नेऊ. केली सही."

दुसरं कोणी हे सांगितलं असतं तर बर्नीचा जीव कळवळला असता. पण या माणसाच्या तोंडून तिने ते घोट घोट घेतलं. कागद, काउंटर, कण्हणारी आई. आणखी सांग, तिला म्हणावंसं वाटलं. सगळं सांग.

"मग भरत का नाही?"

"सहा वर्षं होत आलीत, मॅडम. मेच्या सुरुवातीला मुदत संपते. नंतर कोर्टात जाता येत नाही कोणाला. तेवढं निघालं की मी मोकळा."

बर्नीला हे तोंडपाठ होतं. शिवणाच्या खोलीत तिने दुसरं काय केलं होतं? असं देणं मरायला टेकलं की त्याच्याकडे ढुंकून बघायचं नसतं. एक डॉलर जरी भरला तरी ते उठून बसतं आणि मुदत पहिल्यापासून मोजली जाते. वसुलीवाले म्हणूनच तर जीव तोडून तो एक डॉलर मागतात.

तिने खुर्ची पुढे ओढली, हात टेबलावर जोडले आणि आवाज मऊ केला. इतका मऊ की तिचा तिलाच ओळखू येईना.

"हे बघा, मी तुमच्याच बाजूची आहे. पण मालकाला काहीतरी दाखवावं लागतं हो. सगळं भरा असं कुठे म्हणतेय मी? वीस डॉलर टाका. आत्ता, इथून, माझ्यासमोर फोन करून. नुसती नियत दाखवायला." ती थांबली. "आईसाठी."

डेलची मान हळूहळू वर आली. बाहेर बर्फ काढणारी गाडी घरघरत गेली.

"दुसरा काही मार्ग?" त्याने शेवटी विचारलं. "जास्तीचं डिपॉझिट देतो. बहिणीकडून आणतो."

"नाही."

"मॅडम, वीस डॉलर भरले की ते सगळंच्या सगळं..."

"तुम्हाला बरंच माहीत आहे हो." बर्नीने टेबलावरचा फोन त्याच्या दिशेने फिरवला. "जागा बघायला आणखी तिघं येणार आहेत दुपारी."

त्याने फोन लावला. पलीकडे कोणी तरुण पोरगं होतं. डेलच्या तोंडून रक्कम ऐकल्यावर त्याचा आवाज असा फुलला की टेबलाच्या या बाजूलाही ऐकू आला. डेलने कार्डावरचे आकडे वाचले. एकदा चुकला, पुन्हा वाचले. शेवटी तोही सवयीने "थँक यू" म्हणाला, आणि त्या दोन शब्दांनी बर्नीला जेवढं बरं वाटलं तेवढं कित्येक वर्षांत कशानेच वाटलं नव्हतं.

तिचा बेत पुढे असा होता. आता अर्ज उचलायचा, त्यावर नकाराचा शिक्का मारायचा आणि म्हणायचं, सॉरी. मग पाटीवर बोट ठेवून स्वतःचं नाव सांगायचं, त्याच्या तोंडावरचा रंग उडताना बघायचा, आणि त्याला बर्फात बाहेर काढायचं. शिक्का तिने हातात घेतलाही होता.

"हे शब्द माझे आहेत," डेल म्हणाला. "आईसाठी, ते सुद्धा. मीच बसवले होते."

"हो."

"म्हणजे मी तुम्हाला फोन केला होता कधीतरी."

"हो."

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. पाटीकडे बघितलं. डोळे बारीक केले, कपाळाला आठ्या घातल्या. अगदी प्रामाणिकपणे आठवत होता बिचारा, आणि काही केल्या आठवेना.

"तुम्ही त्यातल्या कुठल्या?" त्याने विचारलं.

बर्नीच्या हातातला शिक्का तसाच राहिला. अकरा वर्षं ती या माणसाशी मनातल्या मनात भांडली होती. न्हाणीघरात, गाडीत, चर्चमध्ये मिसा चालू असताना. त्याच्या लेखी ती कोणीच नव्हती. आता नाव सांगितलं तर तो म्हणेल, असं होय, चुकलं माझं. शिक्का मारला तर दाराबाहेर पडून चार शिव्या देईल, दुसऱ्या गावात कुठेतरी सोय लावेल आणि दोन महिन्यांत तिला पुन्हा विसरेल. घालवून दिलेला माणूस हातातून जातो. भाडेकरू कुठे जातो?

तिने शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला आणि किल्ल्या काढल्या.

"जागा तुमची. भाडं पहिल्या तारखेला, स्वतः इथे येऊन. पेटीत चेक टाकून पळायचं नाही. आणि येताना मी कुठली ते आठवून यायचं. एका वेळी एकच सांगायची. चुकलात तर पुढच्या महिन्यात दुसरी."

"आणि बरोबर आलं तर?"

"तेव्हा बघू," बर्नी म्हणाली.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला तो टोपी हातात घेऊन आला. "ओहायोतली शिक्षिका? नवरा सोडून गेलेली? शाळेच्या फोनवर फोन करायचो मी, मुलांसमोर."

"नाही."

मे महिन्यात त्याने एक नर्स आणली, जिच्या सासूला त्याने सांगितलं होतं की सून तुरुंगात जाणार. जूनमध्ये एक बाई, जिने पोराची सायकल विकून पैसे पाठवले. पहिल्या पहिल्यांदा तो घाईघाईने सांगून मोकळा व्हायचा. मग खुर्चीत बसायला लागला. मग सांगताना मध्येच थांबायला लागला. बर्नी मधे बोलायची नाही. सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी तेवढा एक शब्द म्हणायची.

उन्हाळ्यात जिवंत झालेल्या देण्याचे फोन सुरू झाले, पानगळीत कोर्टाचा हुकूम आला आणि पावाच्या गाडीच्या पगारातून पैसे कापले जाऊ लागले. भाडं मात्र त्याने एकदाही चुकवलं नाही. कुठल्याशा दुकानात रात्री माल लावायला जातो असं कळलं.

कळलं ते हलिना मावशीकडून. मावशी आता मेपल कोर्टच्याच दुसऱ्या मजल्यावर राहायची, आणि डेलच्या आईशी, लॉरेनशी, तिचं असं गूळपीठ जमलं होतं की पिएरोगी, त्या उकडलेल्या करंज्या, केल्या की आधी खाली ताट जायचं.

"सोन्यासारखा मुलगा आहे," मावशी म्हणायची. "आईचे पाय चेपतो गं. पण झोप नाही म्हणते लॉरेन त्याला. येरझाऱ्या घालतो आणि कुठल्या कुठल्या बायकांची नावं पुटपुटतो."

"असेल काहीतरी मनात."

"आणि तुझ्या मनात काय आहे ते मला दिसत नाही होय? पहिली तारीख आली की लिपस्टिक लावतेस तू, बर्ने. आंधळी नाही मी."

बर्नीने आरशात बघितलं. खरंच लावलेली होती. तो यायच्या दिवशी ती लवकर उठायची, चांगला ब्लाउज घालायची, टेबल पुसून ठेवायची. कोणी प्रियकराची वाट बघणार नाही अशी ती त्याची वाट बघायची. "मावशी, तुझं आपलं काहीतरीच," ती म्हणाली आणि लिपस्टिक आणखी एकदा फिरवली.

वर्ष होत आलं. मार्चच्या पहिल्या तारखेला पुन्हा बर्फ पडत होता. डेल आला, पैसे ठेवले आणि बसला. त्याचं पोट उतरलं होतं, जाकीट खांद्यावरून लोंबत होतं. 

"एक होती," तो म्हणाला. "मागून बायका गात होत्या. मला वाटलं रेडिओ लागलाय. मग कळलं की ती आईला पुरून आलीय. दुसऱ्या भाषेतलं गाणं होतं. कोणीतरी तिला खायचा आग्रह करत होतं, आणि ती म्हणत होती, मला भूक नाही. मला म्हणत होती की त्यांना, तेच मला कळेना."

बर्नीने टेबलाची कड धरली.

"मी फोन ठेवायला हवा होता. नाही ठेवला. 'आईसाठी' हे मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, तिथल्या तिथे सुचलं. ते इतकं लागू पडलं की मग मी सगळ्यांनाच म्हणायला लागलो. त्या महिन्यात कचेरीच्या फळ्यावर माझं नाव सगळ्यात वर होतं. बक्षीस मिळालं. त्या पैशांत मी आईला मोठ्या हॉटेलात जेवायला घेऊन गेलो." त्याच्या नाकातून आवाज आला, पण हसू नव्हतं ते. "शेवटी ती मला थँक यू म्हणाली. ती पोरगी. ते मी विसरलो कसा, कोण जाणे. बाकीच्या नुसत्या रडल्या, शिव्या दिल्या. थँक यू कोणी म्हणालं नव्हतं."

तो वर बघत होता. डोळे भरले होते. ओठांवर काहीतरी येऊन थांबलं होतं, आणि ते काय आहे ते बर्नीला न सांगता समजत होतं. हेच ऐकण्यासाठी तिने बारा वर्षं काढली होती. मान हलवायची, बस. तिची मान हलायला निघालीही होती. हॉल, गाणी, सूपचा वास, सगळं पुन्हा तिच्याभोवती उभं राहिलं. एकदा हो म्हटलं की तो रडेल, तीही रडेल, आणि मग तो खाली आपल्या घरी जाईल, आईच्या पायांशी बसेल आणि आज रात्री गाढ झोपेल.

"ती तुम्ही होतात का?" डेलने विचारलं. "ती तुम्ही असाल तर मला तुम्हाला एक..."

बर्नीने पैसे मोजले, ड्रॉवरमध्ये टाकले आणि पावती फाडून त्याच्यापुढे धरली.

"नाही," ती म्हणाली. "ती मी नाही. आठवा अजून."